आधी वारा ठरवा, मग जहाज काढा: व्हिडिओ गेममधली मध्ययुगीन जहाजं घडवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मध्ययुगीन जगावरचे व्हिडिओ गेम बनवणारे सर्व डिझायनर, चित्रकार आणि प्रोग्रामर

सप्रेम नमस्कार,

एका निशाणापासून सुरुवात करतो. जहाज पाठीमागच्या वाऱ्यावर धावतंय. मोठं चौकोनी शीड पुढच्या बाजूला टम्म फुगलंय. डोलकाठीच्या टोकावरचं निशाण मात्र उलट, जहाजाच्या मागच्या टोकाकडे फडफडतंय. दोन्ही एकाच वाऱ्यात आहेत, मग जो वारा शिडाला पुढे फुगवतो तो निशाणाला मागे कसा ओढेल? धावत्या मोटारीच्या खिडकीतून धरलेला रुमाल मागे उडतो, म्हणून निशाणही मागेच उडणार, असं ते काढणाऱ्याच्या मनात बसलेलं असावं. पण मोटार इंजिनावर चालते. पाठवाऱ्यावरचं असं जहाज वाऱ्यापेक्षा हळू जातं, त्यामुळे त्याचं निशाण पुढे, नाळेकडे म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे उडतं.

ही चूक मी एकाच नव्हे, बऱ्याच गेममध्ये पाहिली आहे. ती दिसायला छोटी आहे, पण माझी सगळी तक्रार तिच्यात आहे. तुमची जहाजं शिडाची दिसतात आणि इंजिनावर चालतात.

मी अनेक वर्षं हे गेम खेळत आलो आहे आणि त्यांच्यावर माझं मनापासून प्रेम आहे. त्यांच्यामुळेच जुन्या जहाजांचा नाद लागला, मग संग्रहालयांनी प्रसिद्ध केलेल्या आराखड्यांवरून लाकडी प्रतिकृती करू लागलो, आणि शेवटी एका छोट्या शिडाच्या होडीवर वारा वापरायला शिकलो. पहिल्याच दिवशी समोर दिसणारा किनारा गाठायला सांगितलं होतं. वारा नेमका त्या किनाऱ्याकडून येत होता. सरळ जाण्याचा प्रत्येक प्रयत्न फसला, होडी थांबायची आणि शीड नुसतं फडफडत राहायचं. तिरपं जायचं, वळायचं, पुन्हा उलट बाजूला तिरपं जायचं, हे अंगात मुरायला कितीतरी दिवस गेले. त्यानंतर गेममध्ये एक बटण दाबून जहाज वाऱ्याच्या तोंडावर सुसाट जाताना पाहिलं, तेव्हा समोरचा समुद्र एकदम रंगवलेल्या पडद्यासारखा वाटायला लागला.

तुमची मेहनत मला दिसते. फळ्यांवरचे लाकडाचे रेषे, भिजलेल्या दोराची चमक, लाटेवर पडलेली कंदिलाची तिरीप, हे करणारे हात कसबी आहेत. म्हणूनच हे पत्र लिहावंसं वाटलं. ज्यांना जमणारच नाही त्यांच्याकडे कोण मागणं मागतं?

माझी पहिली विनंती अशी की जहाजाला आधी एक साल द्या आणि एक समुद्र द्या. ‘मध्ययुग’ म्हणजे जवळजवळ हजार वर्षं. या काळात एका टोकाला वल्ह्यांची निमुळती नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांची जहाजं आहेत आणि दुसऱ्या टोकाला पंधराव्या शतकातली तीन डोलकाठ्यांची, कॅरॅक नावाची मोठी जहाजं. तुम्ही दोन्ही एकाच बंदरात, एकाच दशकात शेजारी शेजारी बांधता. त्याहून वाईट म्हणजे मधल्या पोकळीत पुढच्या शतकांचं सामान येऊन बसतं. सुकाणू फिरवायचं ते मोठं लाकडी चक्र घ्या. ते जहाजांवर आलं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. मध्ययुगीन तांडेल सुकाणूचा दांडा हातात धरून उभा असायचा, पाण्याचा प्रत्येक हिसका त्याला थेट खांद्यात जाणवायचा. जहाजाच्या कुशीत ओळीनं कापलेल्या, झडपा लावलेल्या तोफांच्या खिडक्या साधारण १५०० सालच्या आसपास दिसू लागतात. शिडाच्या आडव्या काठीवर चढलेल्या खलाशांच्या पायाखालचा दोर सतराव्या शतकातला. चौदाव्या शतकावरच्या गेममध्ये हे तिन्ही एकत्र आले की ते जहाज चौदाव्या शतकाचं राहत नाही. ते समुद्री चाच्यांच्या चित्रपटातलं जहाज होतं, फक्त त्यावरच्या माणसांनी चिलखत घातलेलं असतं.

ड्रॅगन असलेल्या कल्पित जगाला मी साल विचारणार नाही. पण गेम सुरू होताना पडद्यावर ‘१३४०’ असं लिहिलेलं असेल, तर मला १३४० सालच्या जहाजावर चढायचं आहे.

आता उत्तर युरोपातल्या कॉग जहाजाबद्दल सविस्तर बोलू द्या, कारण त्याच्यावर सगळ्यात जास्त अन्याय झाला आहे. हान्सा या उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांच्या संघाचा माल वाहणारं हे जहाज गेममध्ये नेहमी बुटकं, गोलमटोल, खेळण्यातल्या टबासारखं दिसतं. याचं मूळ मला बंदरांच्या जुन्या शिक्क्यांत दिसतं. बाल्टिक किनाऱ्यावरच्या एल्बिंगचा १२४२ सालचा आणि श्ट्रालझुंडचा १३२९ सालचा शिक्का प्रसिद्ध आहे, दोन्हींवर कॉग आहे, आणि चित्रकार संदर्भ म्हणून तेच समोर ठेवतात. पण शिक्का गोल असतो. त्या गोलात बसवण्यासाठी कोरणाऱ्यानं जहाज आखूड केलं, टोकं वर वळवली, माणसं मोठी केली. तो त्याच्या जागेचा नाइलाज होता. तुमच्या पडद्याला तसलं काही बंधन नाही.

खरं कॉग कसं होतं हे कळायला लाकडाचा भक्कम पुरावा आहे. १९६२ साली ब्रेमेनजवळ वेझर नदीत गाळ काढताना एक कॉग सापडलं. त्याच्या लाकडातली वर्तुळं मोजल्यावर झाडं १३७८ साली तोडल्याचं निघालं. सुमारे २३ मीटर लांब आणि साडेसात मीटर रुंद असं हे जहाज आज ब्रेमरहाफेनच्या सागरी संग्रहालयात उभं आहे. त्याची दोन्ही टोकं सरळ रेषेत तिरपी वर जातात, शिक्क्यावरच्या केळीसारखी वळत नाहीत. तळ सपाट, तिथल्या फळ्या कडेला कड लावून बसवलेल्या. बाजूच्या फळ्या मात्र कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या. फटींत शेवाळ ठोसलेलं आणि ते निसटू नये म्हणून वर लोखंडाच्या बारीक पकडी मारलेल्या. सुकाणू मागच्या टोकाला. डोलकाठी आणि शीड काही मिळालं नाही, पण डोलकाठी रोवायची जागा एकच आहे. म्हणजे एक डोलकाठी, एक मोठं चौकोनी शीड. इतकं साधं जहाज!

आता या सपाट तळाकडे खेळाच्या नजरेनं बघा. असं जहाज ओहोटीला चिखलावर सरळ बसतं. धक्का नसलेल्या किनाऱ्यावरही भरतीबरोबर आत यायचं, पाणी ओसरलं की माल उतरवायचा, पुढच्या भरतीला तरंगून निघायचं. उतरवायला मिळतात ते मोजके तास. भरती येण्याआधी काम उरकलं नाही तर? चिखलात अडकलेल्या जहाजावर रात्री कुणी हल्ला केला तर? ही सगळी नाट्यं त्या तळाच्या आकारातच आहेत, वेगळी लिहावी लागत नाहीत. तरी तुमच्या समुद्राला भरती-ओहोटी नसते आणि कॉगला चिखलाचा स्पर्शही होत नाही.

त्याच सपाट तळाची दुसरी बाजूही दाखवा. तळाखाली पाण्यात खोल उतरणारा उभा कणा नसल्यामुळे बाजूचा वारा त्याला आडवं ढकलत नेतो. नाळ एका दिशेला असते आणि जहाज सरकतं दुसरीकडेच. ब्रेमेनच्या कॉगच्या आधुनिक प्रतिकृती बांधून समुद्रात नेल्या, तेव्हा वाऱ्याच्या दिशेकडे त्यांना फारसं जाता येत नाही हे समोर आलं. म्हणून अशी जहाजं अनुकूल वाऱ्याची वाट बघत बंदरात थांबून राहायची. व्यापारावरच्या गेममध्ये हे थांबणं आणा. धान्य कुजतंय, पलीकडच्या शहरात भाव चढलाय, खलाशांचा खर्च रोज वाढतोय, आणि वारा पश्चिमेकडून हलायला तयार नाही. निघायचं की थांबायचं, यापेक्षा कठीण निर्णय तुमच्या कुठल्या तलवारबाजीत आहे?

‘वाऱ्याचं गणित लढाईत आणलं की खेळाडू कंटाळतो’ असं उत्तर मी चर्चांमध्ये अनेकदा ऐकलं आहे. त्यावर मला १२१७ सालच्या २४ ऑगस्टचा दिवस सांगावासा वाटतो. इंग्लंडच्या सँडविच बंदरासमोरून यूस्टस नावाच्या भिक्षूच्या नेतृत्वाखाली फ्रेंच आरमार चाललं होतं. इंग्रज जहाजं बाहेर पडली आणि लढायला न थांबता जणू दुसरीकडेच निघाल्यासारखी पुढे गेली. ती गेली वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे जिकडून वारा येत होता त्या बाजूला. तिथून वळून पाठवाऱ्यावर ती फ्रेंचांवर आली आणि जवळ येताच चुन्याची भुकटी उधळली. वाऱ्यानं तो चुना थेट शत्रूच्या डोळ्यांत नेला, मग बाण आणि मग चढाई. तोफ नाही, स्फोट नाही. एकानं वाऱ्याची जागा आधी पकडली, त्यावर लढाई फिरली. तुमच्या गेममध्ये हा डाव खेळताच येत नाही, कारण तिथे वाऱ्याला वरचं अंग आणि खालचं अंगच नाही.

तोफा नसतील तर सागरी लढाईत करायचं काय, हा प्रश्न मला समजतो. उंची हे त्याचं उत्तर आहे. जहाजाच्या दोन्ही टोकांना खांबांवर लाकडी मनोरे उभारले जायचे. आधी ते वरून ठेवल्यासारखे सुटे दिसतात, पुढे हळूहळू जहाजाच्या अंगातच मिसळतात. उंच जहाजावरून बाण आणि दगड खाली टाकता येतात, खालच्याला वर चढावं लागतं. १३४० साली आजच्या नेदरलँड्समधल्या स्लॉइसला इंग्रजांशी लढताना फ्रेंचांनी आपली जहाजं रांगांत साखळ्यांनी एकमेकांना बांधली होती. समुद्रावर तटबंदीच उभी केली, आणि त्याबरोबर हलण्याची सोय घालवली. ती लढाई फळीवरून फळीवर, जहाजामागून जहाज अशी झाली. एखाद्या किल्ल्याच्या वेढ्याइतकाच विचार तिच्यात लागतो, आणि वेढे तुम्हाला उत्तम करता येतात.

नॉर्स जहाजांची तुम्ही तुलनेनं चांगली काळजी घेता हे मान्य करतो. आकार बरोबर असतो, फळ्यांचे थर बरोबर असतात. अडतं ते माणसांच्या हिशेबापाशी. डेन्मार्कमध्ये रोस्किल्डच्या खाडीत १९६२ साली स्कुल्डेलेवची पाच जहाजं बाहेर काढली गेली. त्यांतलं एक सुमारे ३० मीटर लांब, जेमतेम पावणेचार मीटर रुंद युद्धजहाज, १०४२ साली डब्लिनमध्ये बांधलेलं. त्याला साठेक वल्हेकरी लागत. दुसरं १६ मीटरचं मालवाहू, रुंद आणि खोल, ते सहा-आठ माणसं हाकत. एक वेगासाठी माणसं खातं, दुसरं माल भरता यावा म्हणून माणसं वाचवतं. लूट मिळाली की खेळाडूला युद्धजहाजात ढीगभर माल भरू देता, तिथे हा फरकच पुसला जातो. साठ माणसांचं खाणंपिणं आणि त्यांचे बाक असलेल्या अरुंद जहाजात माल ठेवणार कुठे?

या युद्धजहाजाची पूर्ण आकाराची प्रतिकृती बांधून २००७ साली रोस्किल्डहून डब्लिनला नेण्यात आली. वाटेत वारा इतका पडला की काही अंतर तिला दुसऱ्या बोटीनं ओढून न्यावं लागलं. मला या प्रवासातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. तरबेज लोक, काटेकोर बांधणी, आणि तरीही वाऱ्याची मर्जी. शिवाय त्या काळची शिडं लोकरीची असत, हेही कुठेतरी येऊ द्या. एवढं शीड विणायला किती मेंढ्यांची लोकर आणि किती हातांचे किती महिने लागत असतील! शीड फाटलं की गेममध्ये दोन नाणी देऊन ते क्षणात नवं होतं, तेव्हा त्या विणणाऱ्यांची मेहनत वाया गेल्यासारखी वाटते.

आता हिंदी महासागर. इथे गेममध्ये येतं ते एकच जहाज: त्रिकोणी शिडाचं ‘अरबी’ गलबत, आठव्या शतकापासून अठराव्यापर्यंत जसंच्या तसं. १९९८ साली इंडोनेशियात बेलितुंग बेटाजवळ नवव्या शतकातल्या एका जहाजाचे अवशेष मिळाले. त्यावर चिनी मातीची हजारो भांडी होती, आणि जहाजाच्या फळ्या खिळ्यांनी नव्हे, दोरानं शिवलेल्या होत्या. हो, शिवलेल्या. फळीच्या कडेला भोकं पाडून, आतून-बाहेरून दोर ओवून घट्ट आवळलेल्या. त्याच्या आधारानं बांधलेलं ‘ज्युवेल ऑफ मस्कत’ हे काथ्यानं शिवलेलं जहाज २०१० साली ओमानहून सिंगापूरला पोचलं. १२३७ सालच्या एका सचित्र अरबी हस्तलिखितातलं जहाज बघा. त्यावर चित्रकारानं शिवणीचे टाकेसुद्धा काढले आहेत आणि मागच्या टोकाला सुकाणू बसवलं आहे. आठशे वर्षांपूर्वीचा चित्रकार टाके विसरला नाही. तुमच्याकडे तर प्रत्येक दोराचा पीळ दाखवता येतो.

शिवलेलं जहाज लाटेत थोडं लवतं, वाळूवर आदळलं तर खिळ्यांच्या ताठ जहाजापेक्षा जास्त सोसतं. मात्र शिवण झिजते, दोर ठरावीक काळानं बदलावा लागतो, आणि आत झिरपणारं पाणी सतत उपसावं लागतं. म्हणजे दुरुस्तीचा एक निराळाच खेळ इथे तयार आहे. वरच्या कोपऱ्यातली ‘जहाजाची शक्ती’ दाखवणारी हिरवी पट्टी काढून टाका आणि तळातलं पाणी दाखवा. किती वर आलं, किती माणसं उपसायला लावली, तितकी शिडावर कमी पडली. चीनमधल्या च्वानचौ बंदरात १९७४ साली बाहेर काढलेल्या तेराव्या शतकातल्या सागरी जहाजाला आडव्या भिंती घालून तेरा कप्पे केलेले होते. एका कप्प्यात पाणी शिरलं तरी बाकीचे कोरडे राहू शकतात. कॉग, शिवलेलं जहाज आणि हे कप्प्यांचं जहाज, तिघांना एकच खडक लागला तर तिघांचं भविष्य तीन तऱ्हेचं. आज तुमच्याकडे तिघांनाही ‘वीस टक्के नुकसान’ होतं.

त्रिकोणी शिडाबद्दलही एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. त्याची तिरपी काठी प्रचंड लांब असते. वाऱ्याची बाजू बदलली की ती काठी, शीड आणि दोर सगळं डोलकाठीच्या पुढून फिरवून पलीकडे न्यावं लागतं. भरपूर माणसं लागतात आणि जोराच्या वाऱ्यात जिवाशी गाठ असते. त्यामुळे तांडेल शक्यतो नाळ वाऱ्यातून नेत नसे, मागचं टोक वाऱ्याकडे करून मोठा वळसा घेत असे. गेममध्ये हे शीड आपोआप सुर्रकन पलटतं. त्या वळशाला वेळ द्या, आरडाओरडा द्या, एखादा दोर अडकू द्या. मग चाचे मागे लागलेले असताना वळायचं की नाही, हे ठरवताना खेळाडूच्या हाताला घाम फुटेल.

नकाशावर मी फार लांबवत नाही, पण पडद्याच्या कोपऱ्यातला तो गोल नकाशा मध्ययुगीन जहाजावर मला सलतो. १४५०च्या दशकात व्हेनिसच्या फ्रा माउरो या भिक्षूनं काढलेल्या जगाच्या नकाशावर बाल्टिक समुद्रापाशी टीप आहे की इथले लोक नकाशा आणि होकायंत्रावर नव्हे, तर खोली मोजण्याच्या शिशावर विसंबून जहाज नेतात. दोराला शिसं बांधून सोडायचं, त्याच्या बुडाला चरबी लावायची, वर आल्यावर चिकटलेली वाळू की चिखल की शिंपले ते बघायचं, आणि आपण कुठे आहोत ते ओळखायचं. धुक्यात, हातात फक्त हा चरबीला चिकटलेला चिखल! हिंदी महासागरातले तांडेल कमाल नावाची छोटी फळी गाठी मारलेल्या दोरीनं डोळ्यांसमोर धरून ध्रुवताऱ्याची उंची मोजत. ही दोन्ही साधनं खेळाडूच्या हातात देण्यासारखी आहेत.

‘मजा आधी’ या तुमच्या नियमाशी माझं भांडण नाही. मी स्वतः मजेसाठीच खेळतो. हान्सा व्यापारावरची ‘पॅट्रिशियन’ ही गेममालिका १९९२ साली सुरू झाली. तिच्यात कॉगसारखी संथ जहाजं घेऊन लोक तासन्‌तास रमले. म्हणजे संथपणानं मजा मरत नाही. अडचण टाळायची नसते, तिच्याशी झुंजायला मिळालं पाहिजे. ज्याला नुसती कथा पुढे न्यायची आहे त्याच्यासाठी ‘सोपा वारा’ असा पर्याय ठेवा, माझी काही हरकत नाही. मात्र खरा वारा आधी बांधा आणि मग त्यातून सोपा काढा. उलट दिशेनं ते जमत नाही, कारण इंजिनाच्या चालीवर बेतलेल्या समुद्रात बेटं, अंतरं, लढाया सगळं त्याच चालीनं मांडलेलं असतं.

तुमच्या वेळापत्रकाची आणि पैशांची मला कल्पना आहे. म्हणून वीस जहाजं मागत नाही. तीन द्या. एकाच सालातली, एकाच समुद्रातली तीन, पण प्रत्येकाचा तळ, शीड, माणसं आणि माल यांचा एकमेकांशी मेळ बसलेला. आराखडे काढण्याआधी सागरी पुरातत्त्वाच्या अभ्यासकाला बोलवा, रंगकाम झाल्यावर नको. तेव्हा तो फार तर निशाणाचा रंग बदलायला सांगू शकतो. आणि तुमच्या चमूतल्या दोन-तीन माणसांना एक दिवस खऱ्या शिडाच्या होडीवर पाठवा, वारा समोरून असेल अशा दिवशी.

यातलं काहीच या वेळी शक्य नसेल, तर निदान एक करा. प्रत्येक जहाज वाऱ्याच्या किती जवळ जाऊ शकतं, किती आडवं सरकतं आणि वळायला किती वेळ घेतं, हे तीन आकडे प्रोग्रामच्या पोटात पुरून टाकू नका. ते एका साध्या फाइलमध्ये ठेवा, जी आम्हाला उघडता आणि बदलता येईल. ब्रेमेनच्या कॉगचे आकडे भरायला मी त्याच रात्री बसेन, आणि माझ्याबरोबर बसणारे बरेच जण आहेत.

आपला,
शिडाच्या जहाजांचा एक जुना खेळाडू